पितृपक्षात लागलेली सीट

आमचं ऑफिस सीवूड्सला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका केमिस्टच्या दुकानाच्या वर आहे. काचेच्या दारावर 'मेडिकल अॅडमिशन मार्गदर्शन' असं लिहिलंय. मार्गदर्शन करणारी मी. मी डॉक्टर नाही. पालकांना हे पहिल्याच भेटीत कळतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नं जुळवणारीचं स्वतःचं लग्न झालेलं असलंच पाहिजे, असं थोडंच आहे!

नीटचा निकाल लागला की आमचा सीझन सुरू होतो तो थेट दिवाळीच्या तोंडापर्यंत. करंजाडे, उलवे, कामोठे, घणसोली, सगळीकडून माणसं येतात. आई-वडील दोन बाजूंना बसतात, मूल मधल्या खुर्चीत, आणि मूल सोडून सगळे बोलतात. "आम्ही यंदा दुसऱ्यांदा बसलो होतो." "आमची फिजिक्सने वाट लावली." मी मुद्दाम मुलाकडे बघून विचारते, तुला कुठलं कॉलेज हवंय? उत्तर आई देते. मी परत मुलाकडे बघते. मग वडील देतात. सुरुवातीला मला याची चीड यायची. आता मी प्रश्न विचारते तो फक्त मुलाला कळावं म्हणून, की या खोलीत निदान एका माणसाला तू दिसतो आहेस.

सल्ला द्यायचा म्हणजे काय, तर तीच चार वाक्यं दिवसभर बोलायची. पसंतीक्रम भरताना जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकू नका, आणि टाकलंत तर लागल्यावर मुकाट्याने जा. मूळ कागदपत्रांची फाइल कुठे आहे आणि कपाटाची किल्ली कुठे आहे, हे मुलाला माहीत असू द्या. ग्रुपवर आलेलं खरं मानू नका, वेबसाइटवरची नोटीस स्वतः वाचा. रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात हजर होण्याची, शेवटची तारीख म्हणजे शेवटची तारीख, मुदत वाढेल या भरवशावर घरी बसू नका. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज चढतो. आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, एकदा म्हणाले होते की क्लायंटवर ओरडू नकोस. मी ओरडत नव्हते. पण चढतो आवाज, काय करू?

आणि एक प्रश्न सगळेच विचारतात, मुलाखत असते का? मी सांगते, आपल्याकडे एमबीबीएसला बहुतेक ठिकाणी मार्कांवर सीट लागते, तुम्हाला कोणी काही विचारत नाही. परदेशातल्या कॉलेजांची असते, ती लॅपटॉपवर. तिची तयारी आम्ही करून घेतो. कॅमेऱ्याकडे बघ. मागचं कालनिर्णय काढ. 'मला डॉक्टर का व्हायचंय' याला तीस मुलं एकच उत्तर देतात, की आजीला वेळेवर उपचार मिळाले नाहीत. इतक्या आज्या उपचाराविना गेल्या असत्या तर नवी मुंबईत म्हातारं माणूस दिसलं नसतं. मी म्हणते, अरे, तुझं स्वतःचं काहीतरी सांग. मूल आईकडे बघतं.

खरी मुलाखत घरी होते. तिची तयारी कुठलाच क्लास करून घेत नाही. माझी झाली होती आणि मी नापास झाले.

तेव्हा आम्ही जुईनगरला राहायचो, अजूनही तिथेच राहतो. बाबा बँकेत होते. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडे. तिथे थोरले काका घर आणि देव सांभाळून आहेत. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान, तेव्हा प्राथमिक शाळेत. घरात पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टर होण्याच्या जवळपास पोचलं होतं, आणि ते मी होते. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी वाशीला क्लासला जायचे. सोसायटीतल्या गणपतीला मी दोन वर्षं आरतीलासुद्धा खाली उतरले नाही, तर अध्यक्ष वहिनी आईला म्हणाल्या होत्या, पोरगी डॉक्टर झाली की पहिली आरती तिच्या हातची.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. त्या वर्षी दोन्ही फेऱ्यांची तारीख वाढली होती. कुठेतरी कोर्टात काहीतरी गेलं होतं, कुठे पावसाने रस्ते बंद होते, आणि मुदत वाढत गेली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. बाबा क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर होते. तिथे एक गृहस्थ होते, त्यांना म्हणे मंत्रालयातून आतल्या बातम्या यायच्या. दोन्ही वेळा त्यांनी आधीच सांगितलं होतं की मुदत वाढणार, आणि दोन्ही वेळा वाढली. बाबांचा आपल्या मुलीपेक्षा त्या न बघितलेल्या माणसावर जास्त विश्वास बसला.

तिसऱ्या फेरीत मला सीट लागली. सरकारी कॉलेज, विदर्भात. मी दुपारी यादी उघडली तेव्हा घरात आई होती. ती गव्हल्यांची खीर ढवळत होती, कारण पितृपक्ष चालू होता आणि शेजारच्या काकूंकडे त्या दिवशी सवाष्ण म्हणून तिला जायचं होतं आणि काहीतरी घेऊन जायचं होतं. मी तिला सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता असं कुणी विचारलं तर तो हाच, आणि तो किती वेळ टिकला हेही मला माहीत आहे. बाबा घरी येईपर्यंत.

बाबांनाही आनंद झालाच. खोटं कशाला बोलू? त्यांनी काकांना फोन लावला, आत्याला लावला, बँकेतल्या साहेबांना लावला. मग मी त्यांना नोटीस वाचून दाखवली. त्या आठवड्याच्या शेवटापर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं होतं. नाही झालं तर सीट रद्द आणि त्या वर्षीच्या पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर. हे वाक्य इंग्रजीत होतं. मी ते आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं, आणि बाबा दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

आजोबांचा म्हाळ, म्हणजे पक्षातलं श्राद्ध, नेमका त्याच आठवड्यात होता. आमच्याकडे म्हाळाला दोन्ही भावांनी गावी हजर असायचं अशी रीत. बाबांनी नोकरीच्या इतक्या वर्षांत तो चुकवला नव्हता. गणपतीला एक वेळ रजा मिळाली नाही तरी चालायचं, म्हाळाची रजा ठरलेली. कोकणातून म्हाळ आटोपून विदर्भात वेळेवर पोचायचं म्हणजे विमानाने उडूनसुद्धा जमलं नसतं. तेव्हा एकतर म्हाळ, नाहीतर सीट, असा तो सरळ हिशेब होता. मला वाटलं, इतका सरळ आहे की यात विचार करण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी सानपाड्याहून आत्या आली. पेढे घेऊन आली, माझ्या तोंडात घातला, आणि सोफ्यावर बसून तिने मुलाखत सुरू केली. होस्टेल कॉलेजच्या आवारात आहे की बाहेर? तिथे उन्हाळा कसला असतो माहीत आहे का? मेसचं तिखट तुला सोसेल का, तुला आधीच पित्त. आजारी पडलीस तर रातोरात कोण येणार तिकडे? साडेपाच वर्षं म्हणजे तू बाहेर पडेपर्यंत किती वर्षांची होशील? मग पुढे पीजी, मग बाकीचं कधी? 'बाकीचं' म्हणजे लग्न, हे तिने बोलायची गरज नव्हती. काका फोनवर होते, स्पीकर लावला होता, ते मधून मधून हं हं करत होते. प्रत्येक प्रश्न इतक्या मायेने विचारला जात होता की रागावायलासुद्धा जागा नव्हती. मी सगळ्याची उत्तरं दिली. तिखटाचंही दिलं, की सवय होईल. मी आयुष्यात दिलेली सगळ्यात वाईट मुलाखत ती. कारण मला वाटत होतं, बरोबर उत्तरं दिली की निवड होते.

मग काका फोनवरून म्हणाले की पंधरवडा संपेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? पक्षात कुणी नवं घर घेत नाही, गाडी घेत नाही, आणि पोरीच्या आयुष्याची सुरुवात करायची? घटस्थापनेला जा, त्यासारखा मुहूर्त नाही. बाबा म्हणाले, मुदत तर वाढणारच आहे, ग्रुपवर आलंय. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, एक्स्टेन्शन पक्कं, टेन्शन घेऊ नका. खाली पालकांचे पन्नास अंगठे.

मी म्हटलं, दोनदा वाढली म्हणून तिसऱ्यांदा वाढेलच असं नाही. बाबा म्हणाले, तू जरा शांत हो.

मी म्हटलं, मग मी एकटी जाते.

फोनवरचे काका हं म्हणायचे थांबले. बाबांचा चेहरा लाल झाला.

"मी काय मेलोय का, तू एकटी जायला?"

पितृपक्षात असं बोलू नये. आत्याने कानांना हात लावले, आई स्वयंपाकघरातून धावत आली, आणि आता सगळा दोष माझ्यावर आला होता, की ऐन पक्षात मी बापाच्या तोंडून असलं काही वदवलं. मी माफी मागितली. खरंच मागितली. आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, गुणाची आहे पोर.

म्हणजे बघा, कुणीही नाही म्हटलं नाही. जाऊ नकोस, शिकू नकोस, असं त्या घरात एक अक्षर उच्चारलं गेलं नाही. बाहेरच्या माणसाला ती संध्याकाळ दाखवली असती तर त्याने म्हटलं असतं, काय प्रेमळ कुटुंब आहे. मला अजून त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. रडले असते, उपाशी राहिले असते, मैत्रिणीच्या घरी पळाले असते. घटस्थापनेला जाऊ म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

आईने माझी बॅग भरायला घेतली होती. बाबा कोकणात गेल्यावर तिने ती उचलून माळ्यावर ठेवली नाही, नुसती दाराआडून पलंगाखाली सरकवली. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, वाढेल का? ती म्हणाली, बाबा म्हणतात ना. माझ्या आईला स्वतःला काय वाटतं, हे मी त्या दिवशी शेवटचं विचारलं.

नंतरचे दिवस मी वेबसाइट उघडत आणि बंद करत काढले. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर कल्ला चालू होता. कुणीतरी म्हणे फोन केला, कुणाला तरी सांगितलं की संध्याकाळपर्यंत परिपत्रक येतंय. परिपत्रक आलं नाही. कॉलेजचं ऑफिस बंद होण्याची वेळ झाली, होऊन गेली. ग्रुप थंड पडला. मग त्या गृहस्थांनी हात जोडल्याचं एक चित्र टाकलं आणि ग्रुप सोडला. त्यांच्या मुलाची सीट त्यांनी पहिल्याच दिवशी जाऊन घेतली होती, हे नंतर कळलं.

बाबा दुसऱ्या दिवशी गावाहून आले ते म्हाळाच्या वड्यांचा डबा घेऊन. त्यांना फोनवर कळलं होतं. चपला काढता काढता ते म्हणाले, नशिबात नव्हतं, आणि आत जाऊन आंघोळ केली. आईने वडे गरम केले. मी खाल्ले. वडे चांगले झाले होते.

ती सीट रिकामी राहिली नसणार. यादीत माझ्या खाली कुणीतरी होतं, त्याला किंवा तिला पुढच्या फेरीत मिळाली असणार. त्यांच्या घरीही पितृपक्ष असेलच, हिंदू असतील तर. ती व्यक्ती आज कुठेतरी ओपीडीत बसून पेशंट तपासत असेल. मला कधीकधी वाटतं, एकदा जाऊन तिच्याकडे ताप आला म्हणून सांगावं आणि तपासून घ्यावं.

पुढच्या वर्षी मी परत बसले. तेव्हा माझ्यात जोर उरला नव्हता, मार्क आधीच्याहून कमी आले. मग वाशीला बी.एस्सी. केलं, दोन-तीन नोकऱ्या केल्या आणि या ऑफिसात आले. सरांनी मला मुलाखतीत विचारलं, या प्रक्रियेतलं तुम्हाला काय कळतं? मी म्हटलं, सगळे नियम तोंडपाठ आहेत. त्यांनी विचारलं नाही की कसे, म्हणून मी सांगितलंही नाही.

घरात मात्र गोष्ट हळूहळू बदलत गेली. आधी 'तारीख हुकली' होती. मग 'सरकारने ऐन वेळी मुदत वाढवली नाही' झाली. लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, आत्या सांगायची, आमच्या हिला लागली होती हो सीट, पण सरकारचा कारभार तुम्हाला माहीतच आहे. ऐकणारी बाई च् च् करायची. मी बाजूला बसून साखरफुटाणे खायचे. सरकारला शिव्या घालण्यात एक सोय आहे, ते कधी उलटून बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक गृहस्थ आले होते, खाडीकाठच्या गावचे. जमीन सिडकोत गेली तेव्हापासून चाळींची भाडी खाऊन सुखात असलेले, गळ्यात जाड चेन, बरोबर लाजाळू मुलगी. तिला मराठवाड्यात सरकारी सीट लागली होती आणि पितृपक्षच चालू होता. मी नियम सांगितले आणि मग मला राहवलं नाही. म्हटलं, पंधरवडा आहे, तुमच्या घरी चालेल ना? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले,

"आमचा बापूस वर बसून काय नातीची सीट सोरायला सांगंल?"

आणि त्याच पावली मुलीला घेऊन निघाले. गाडी खाली उभीच होती. मुलीची चप्पल जिन्यात निसटली, ती घालायलासुद्धा त्यांनी तिला थांबू दिलं नाही, हातात घे म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मत्सर वाटला मला त्या पोरीचा, साधा, हिरवागार मत्सर. हे मी घरी जेवताना सांगितलं, रडल्याचं सोडून. बाबा म्हणाले, त्यांच्यात चालतं गं, त्यांचं वेगळं. आणि भाताला ताक मागितलं.

आता यंदाचं सांगते.

यंदा माझा भाऊ नीटला बसला. तो चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. अभ्यासू आहे, मला घाबरतो, माझ्या हातचा चहा त्याला आवडतो. त्याचा पसंतीक्रम मी भरला. ऑफिसात शंभर जणांचा भरते, घरच्याचा भरताना प्रत्येक नाव तीन-तीनदा तपासलं. विदर्भातली सगळी सरकारी कॉलेजं टाकली, पार शेवटच्या टोकापर्यंतची. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. एकाही नावाला त्यांनी लांब म्हटलं नाही. तिथला उन्हाळा विचारला नाही. होस्टेल आत आहे की बाहेर हेही नाही. आत्याचं वय झालंय, ती आता सानपाड्याहून येत नाही, फोन करते. तिने त्याला विचारलं, बाळा, डॉक्टरचा पांढरा कोट कधी शिवणार? एवढीच त्याची मुलाखत.

त्याला सीट लागली ती पितृपक्षात. माझ्या कॉलेजच्याही पुढे, विदर्भाच्या पार पूर्व टोकाला, झाडीपट्टीत. रिपोर्टिंगचे दिवस आणि आजोबांचा म्हाळ याही वर्षी एकावर एक आले. मी ऑफिसात होते. बातमी कळल्यावर मला धड आनंद होईना आणि तो होत नाही म्हणून स्वतःचीच लाजही वाटेना. मी मनाशी ठरवलं, या वेळी काही बोलायचं नाही. बघू या. सल्ला विचारला तर देईन, नाहीतर नाही. मला बघायचंच होतं. सात-आठ वर्षं मी बाबांना माफ करायचा प्रयत्न करत होते तो याच एका समजुतीवर, की माणूस श्रद्धाळू आहे, भाबडा आहे, फशी पडला. तो त्याच्या मुलाशीही असाच वागला असता. निदान एवढं तरी खरं निघू दे, असं मला वाटत होतं. भावाची सीट जावी असं मला वाटत होतं का? एका क्षणापुरतं वाटलं असेल. ते लपवून मी काही थोर होणार नाही.

मी घरी पोचले तेव्हा बाबा काकांशी फोनवर बोलत होते.

"दादा, यंदाचा म्हाळ तू उरकून घे. पोराला घेऊन निघतोय. शिक्षणाला कसला आलाय पक्ष?"

पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण वाद झाला नाही. बाबांनी एका मिनिटात फोन ठेवला. म्हणजे एवढंच होतं ते. एक फोन. माझ्या वेळी हा एक फोन करायचा राहिला होता.

आई बॅग भरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून बनियनच्या घड्या घालू लागली. ती घातलेली घडी उलगडत होती आणि परत घालत होती. मी तिच्या शेजारी बसून कागदपत्रं तपासली. फोटो, झेरॉक्स, दाखले, सगळं क्रमाने लावून दिलं. भावाला समजावून सांगितलं, तिथे गेल्यावर आधी कुठल्या खिडकीला जायचं, काय सही करायचं, मूळ कागद दिले की पोच मागून घ्यायची, पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बाबा ऐकत होते. त्यांना माझा अभिमान वाटत होता, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

टॅक्सी खाली आली. ट्रेन कल्याणहून होती. बाबांनी देवाला नमस्कार केला, चपला घातल्या आणि दारात थांबून माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं ते सहसा करत नाहीत.

"तुझ्या वेळी असं नीट समजावून सांगणारं कुणी घरात असतं ना, तर आज तूही डॉक्टर असतीस."

ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकी वर्षं मनात किती भाषणं तयार करून ठेवली होती, त्यातलं एक आठवेना.

"मी होते की बाबा. मीच वाचून दाखवली होती नोटीस तुम्हाला."

बाबांनी क्षणभर आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला.

"तू लहान होतीस तेव्हा," ते म्हणाले.

भाऊ त्यांच्या मागे सॅक पाठीला लावून लिफ्टचं बटण दाबत उभा होता. मी तेव्हा जेवढी होते, तो आज बरोबर तेवढाच आहे.